शंखात राहणारा मासा: टांगानिकाच्या 'मल्टी'ची वसाहत घरी कशी वसवावी

मत्स्यालयाच्या दुकानात 'आफ्रिकन सिक्लिड' (सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुळ) मागितले की दुकानदार पिवळ्या-निळ्या, सतत एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या माशांच्या टाकीकडे बोट दाखवतो. ते बहुधा मलावी सरोवराकडचे असतात आणि बऱ्याचदा संकर झालेले असतात. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. मलावीच्या वायव्येला टांगानिका नावाचे दुसरे अफाट सरोवर आहे. तिथला निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस हा जगातल्या सर्वांत छोट्या सिक्लिड माशांपैकी एक. हौशी मंडळी त्याला नुसते 'मल्टी' म्हणतात. नर साडेचार-पाच सेंटिमीटरचा, मादी तीन-साडेतीनची. अंगावर बारीक उभे पट्टे, डोळ्यात निळसर चमक. झोपणे, लपणे, अंडी घालणे, पिल्ले वाढवणे, सगळे गोगलगायीच्या रिकाम्या शंखात. बुलँजर या प्राणिशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

या माशाच्या मागण्या थोड्या आहेत. दोन फुटी टाकी पुरते, महागडा फिल्टर लागत नाही, रोपांची बाग लागत नाही. मात्र तीन गोष्टींत तडजोड चालत नाही: कठीण पाणी, बारीक वाळू आणि शंखांचा ढीग. त्या का लागतात ते सरोवराकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून सुरुवात तिथून करू.

आधी सरोवर

टांगानिका पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत आहे. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांचे किनारे त्याला लागतात. लांबी सुमारे ६७० किलोमीटर, कमाल खोली १४७० मीटर. खोलीत जगात बैकलनंतर याचाच नंबर. वय ९० लाख ते १ कोटी २० लाख वर्षे धरतात. एवढ्या काळात इथे सिक्लिडच्या अडीचशेच्या आसपास जाती घडल्या आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. सरोवरातून बाहेर जाणारी नदी एकच, लुकुगा. बाकी बहुतेक पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी कठीण आणि अल्कधर्मी, पीएच ९ च्या आसपास. वरच्या शे-दोनशे मीटरखाली प्राणवायूच नाही, म्हणून माशांचे सगळे जग वरच्या थरात आणि किनाऱ्यालगत.

सरोवराच्या तळाशी निओथॉमा नावाची गोगलगाय राहते. ती मेली की शंख तळावर पडतो. आम्लधर्मी पाण्यात तो काही वर्षांत ठिसूळ होऊन विरघळला असता. इथल्या पाण्यात तो टिकतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे शंख साचून काही ठिकाणी वाळूवर शंखांचे पट्टेच्या पट्टे तयार झाले आहेत. सपाट, उघडी वाळू, वर शिकारी मासे, आणि आडोसा म्हणावा असा तो शंख. ज्या माशाचे अंग शंखात मावले, तो तिथे टिकला. दक्षिण टोकाला, झांबियाच्या म्पुलुंगु बंदराच्या बाजूला, मल्टीच्या अशा वसाहती भरपूर आहेत.

वसाहतीत एक किंवा अधिक नर, काही माद्या आणि वेगवेगळ्या वयाची पिल्ले एकत्र असतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे नांदावीत तसा हा संसार: अंगण सामाईक, पण प्रत्येक मादीचे दोन-चार शंख तिचे स्वतःचे. माद्यांची आपापसांत जुंपते आणि ती मिटवायला मोठा नर मध्ये पडतो. नर पिल्ले बहुधा जन्मल्या गटातच राहतात, माद्या दुसऱ्या गटात जातात. हे सगळे घरच्या टाकीत दिसू शकते, पण त्यासाठी मासे जोडीने न आणता गटाने आणावे लागतात.

पायरी १: टाकी

२ फूट × १ फूट × १ फूट. एकूण साधारण ५५ लिटर. वाळू आणि शंख गेले की प्रत्यक्ष पाणी ४० लिटरच्या आसपास. हे मासे तळाशी जगतात, त्यामुळे टाकी उंच असण्यापेक्षा पसरट असलेली बरी. काचवाल्याकडून बनवून घेत असाल तर उंची एक फुटावर ठेवा आणि वाचलेले पैसे लांबीत घाला. तीन फूट लांबी मिळाली तर दोन वसाहती शेजारी शेजारी वसतात आणि त्यांची सीमारेषा पाहायला मिळते.

फिल्टर हवेवर चालणारा स्पंजचा. पॉवर फिल्टरच्या तोंडाशी चार-पाच मिलिमीटरची पिल्ले ओढली जातात.

पायरी २: वाळू

थर किमान ५ सेंटिमीटर. दोन फुटी टाकीला १४-१५ किलो लागते. दाणा एक मिलिमीटरपर्यंतचा आणि गोलसर हवा. हल्ली बांधकामावर सहज मिळते ती क्रश सँड. ती आणू नका. ती दगड भरडून केलेली असते, कडा धारदार असतात, आणि हा मासा दिवसभर तोंडाने वाळू उचलतो. नदीची जुनी वाळू कुठे मिळाली तर मैद्याच्या नव्हे, पण रव्याच्या चाळणीने चाळून घ्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे आले तर तिच्यात चुन्याचा अंश आहे. इतर टाक्यांना ते नको असते, इथे उत्तमच.

रंगीत खडी विसरा. तोंडात मावत नाही ते मासा उचलणार नाही, आणि वाळू उचलू न देता मल्टी पाळण्यात काही अर्थ नाही.

पायरी ३: शंख

खरा खर्च, म्हणजे वेळेचा, इथे आहे.

निओथॉमाचे शंख आपल्याकडे मिळणे अवघड, पण त्याची गरजही नाही. निओथॉमा ज्या व्हिव्हिपॅरिडी कुळातली, त्याच कुळातली बेलॅमिया ही गोगलगाय आपल्याकडच्या तळ्यांत, कालव्यांत, भातखाचरांत सर्रास असते. पाणी ओसरल्यावर काठाला तिचे रिकामे शंख पडलेले दिसतात. आकार मल्टीला नेमका. पायला ही मोठी, गोल गोगलगायही भातशेतीत असते. तिचे शंख मल्टीला जरा ऐसपैस होतात, पण दोन-चार मिसळायला हरकत नाही. समुद्रकाठचे शंख पाण्याला बाधत नाहीत, मात्र काही सागरी जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा ओळख पटत नसेल तर उचलू नका. भेटवस्तूंच्या दुकानातले रंगवलेले किंवा लाखेचे पॉलिश केलेले शंख अजिबात नकोत.

निवडताना करंगळीचे पहिले पेर तोंडातून सहज आत गेले पाहिजे. कडा फुटलेली असेल तर कानशीने घासून गुळगुळीत करा. फार लांबट आणि आत निमुळते होत जाणारे शंख बाजूला काढा, मासा त्यात अडकू शकतो. मग पंधरा-वीस मिनिटे उकळा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि एकेक नाकाशी धरून वास घ्या. आत मांस राहिले असेल तर वास लपत नाही. असा एकच शंख छोट्या टाकीतले पाणी नासवायला पुरेसा होतो.

किती? माशामागे किमान तीन, म्हणजे आठ माशांना पंचवीस-तीस. जास्त झाले तर चांगलेच. शंख कमी पडले की माद्यांची भांडणे वाढतात आणि दुबळा मासा कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात, स्पंजमागे तरंगत राहतो. असा मासा दिसला की आधी शंख मोजा, औषध नंतर.

टाकीत ठेवताना प्रत्येक शंख पाण्याखाली हळूहळू फिरवा. टोकाच्या वेटोळ्यात हवेचा बुडबुडा अडकतो, तो बाहेर निघाला पाहिजे. नाहीतर शंख रात्रीतून उलटतो किंवा तरंगून वर येतो. दोन-तीन थरांत, तोंडे वर किंवा तिरपी ठेवून एका भागात ढीग करा आणि बाकी वाळू मोकळी सोडा. सुबक मांडणीवर डोके खपवू नका. आठवड्याभरात मासे ती बदलणारच आहेत.

पायरी ४: पाणी

मुंबई-पुण्याचे नळाचे पाणी धरणात साठलेल्या पावसाचे, म्हणून मृदू. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी कठीण. इतर मासे पाळणारे बोअरच्या नावाने बोटे मोडतात, पण मल्टीवाल्यांची तिथे चांदी आहे. आधी चाचणी किट आणा आणि पीएच, कार्बोनेट कठीणपणा म्हणजे केएच, आणि एकूण कठीणपणा म्हणजे जीएच मोजा. लक्ष्य असे: पीएच ८ ते ९, केएच १० च्या वर, जीएच ८ ते १२, तापमान २४ ते २७ अंश.

पाणी मृदू असेल तर दोन साध्या वस्तू पुरतात. खाण्याचा सोडा: १०० लिटरला ६ ग्रॅम टाकला की केएच साधारण २ ने वाढतो. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट: १०० लिटरला साडेचार ग्रॅम टाकले की जीएच साधारण १ ने वाढतो. टांगानिकाच्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम जास्त आहे, त्यामुळे एप्सम इथे अगदी शोभते. समजा तुमच्या नळाचा केएच २ आणि जीएच २ आहे. ४० लिटर पाण्याला केएच १० वर न्यायला साधारण १० ग्रॅम सोडा लागेल. जीएच ८ वर न्यायला १०-११ ग्रॅम एप्सम. चमच्याने अंदाज करू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. बेकिंग पावडर वेगळी, ती चालत नाही. दोन्ही वस्तू बादलीत विरघळवून मगच पाणी टाकीत घाला. फिल्टरजवळ मूठभर ठेचलेले कोरल किंवा शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत टांगला तर पातळी स्थिर राहायला मदत होते.

दुकानात 'थोडे मीठ टाका' असा सल्ला हमखास मिळतो. टांगानिका अल्कधर्मी आहे, खारट नाही. मीठ नको. घरातल्या आरओचे पाणीही नको. त्यातले क्षार यंत्राने आधीच काढून टाकलेले असतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मात्र कंडिशनरने मारून घ्या.

पायरी ५: थांबा

टाकी तयार झाली तरी मासे लगेच आणायचे नाहीत. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची स्पंजवर वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहा, अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहा. दोन्ही आधी चढतील, मग शून्यावर येऊन तिथेच टिकतील; तेव्हा टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

इथे घाई जास्त महाग पडण्याचे कारण रसायनात आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो. २६ अंशांना पीएच ७ असेल तर तो एक टक्क्याहून कमी असतो, पीएच ८.५ ला जवळजवळ सहावा हिस्सा. गप्पीच्या टाकीत खपून जाणारा निष्काळजीपणा इथे एका रात्रीत टाकी रिकामी करतो.

पायरी ६: मासे निवडणे आणि सोडणे

दीड-दोन सेंटिमीटरची सहा ते आठ पिल्ले एकत्र घ्या. एवढ्या वयात नर-मादी ओळखू येत नाहीत, ओळखायची गरजही नाही. गट आपला आपण जुळवून घेतो. मल्टीसारखाच दिसणारा निओलॅम्प्रोलॉगस सिमिलिस कधीकधी त्याच नावाने विकला जातो. डोक्याकडे पाहा: सिमिलिसचे पट्टे डोळ्यापर्यंत पुढे येतात, मल्टीचे डोके जवळपास कोरे असते. दोन्ही मासे छान आहेत, पण एका टाकीत नकोत, संकर होतो.

मासे जवळच्या दुकानातून आणले असतील तर दिवा बंद करून, बारीक नळीतून थेंब थेंब टाकीचे पाणी पिशवीतल्या पाण्यात सोडत दीड-दोन तासांत सरमिसळ करा. कुरिअरने आलेल्या पिशवीचे गणित उलटे असते. दिवसभरात त्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. त्यात तुमचे ८.५ चे पाणी थेंब थेंब सोडलेत तर तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून विक्रेत्याला आठवडाभर आधी सांगून मासे कठीण पाण्यावर आणायला लावा, म्हणजे इकडे पिशवी उघडल्यावर फक्त तापमान जुळवून जाळीने लगेच टाकीत सोडता येतात. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

सोबतीला दुसरा कोणता मासा? दोन फुटी टाकीत कोणताच नको. चार फुटी असेल तर एका टोकाला दगड रचून ज्युलिडोक्रोमिस या टांगानिकाच्याच दुसऱ्या सिक्लिडची जोडी ठेवता येते.

पायरी ७: खाद्य

सरोवरात हे मासे शंखाच्या तोंडावर, पाण्याच्या प्रवाहाकडे तोंड करून तरंगतात आणि वाहत येणारे प्राणिप्लवंग टिपतात. म्हणून खाद्य बारीक हवे आणि ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवे. चांगले फ्लेक बोटांनी चुरून, मायक्रो पेलेट, गोठवलेले सायक्लॉप्स आणि डॅफ्निया हे पाण्यातले बारीक जीव, आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीची ताजी पिल्ले. ड्रॉपर किंवा सुई काढलेल्या सिरिंजने शंखांच्या ढिगावर सोडले की सगळ्यांना मिळते. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. बाजारात जिवंत मिळणारे ट्युबिफेक्स किडे मी या माशांना देत नाही. ते गाळातून काढलेले असतात आणि काय घेऊन येतील याचा नेम नाही.

पायरी ८: बघत राहणे

पहिले दोन-चार दिवस टाकी रिकामी वाटेल. मग एक मासा बाहेर येतो, शंखाच्या कडेची वाळू तोंडात भरतो, चार बोटे अंतरावर नेऊन थुंकतो, परत येतो. हे तासन्‌तास चालते. शंखाखालची वाळू गेली की शंख खाली बसतो, कडेला वाळूचा बांध उभा राहतो आणि काही दिवसांत ढिगाचा खड्डा होतो. सरोवरातही असेच घडते. वाळूत पुरले गेलेले शंख हे मासे उकरून उघडे ठेवतात, आणि वसाहत उठली की शंख पुन्हा वाळूखाली जातात. तेव्हा खड्डे बुजवू नका, वाळू सपाट करू नका. एखादे रोप हवेच असेल तर दगडाला बांधलेली ॲन्युबियस ठेवा. वाळूत रोवलेले काहीही दोन दिवसांत मुळासकट वर येईल.

दोन माद्या कल्ले फुगवून, तोंडाला तोंड भिडवून उभ्या राहिल्या तर काळजी करू नका. मोठा नर त्यांच्या मधोमध येतो आणि दोघी आपापल्या शंखाकडे परततात. तो येत नसेल आणि एकीची शेपटी फाटत असेल, तर आणखी दहा शंख टाका.

टांगानिकातला आणखी एक नमुना सांगायचा मोह होतो. लॅम्प्रोलॉगस कॅलिप्टेरस या जातीचा नर स्वतः शंखात मावतच नाही, एवढा तो मादीपेक्षा मोठा असतो. तो तोंडाने शंख उचलून आणतो, शेजाऱ्याचेही पळवतो, आणि ढीग रचून माद्यांची वाट बघतो. त्याच जातीत काही नर बुटके राहतात आणि मादीच्या बाजूने शंखाच्या टोकापर्यंत घुसून चोरून अंडी फळवतात. घरी पाळायला मात्र मल्टीच सोयीचा.

पायरी ९: पिल्ले

मादी शंखात आत अंडी घालते, नर तोंडाशी येऊन ती फळवतो. तुम्हाला काहीच दिसत नाही. आठवडा-दहा दिवसांनी शंखाच्या कडेला पांढुरके ठिपके हलताना दिसले की समजा, झाले. एका वेळी दहा-वीस पिल्ले असतात. त्यांना वेगळे काढू नका. मल्टी आपल्या पिल्लांना सहसा खात नाहीत, उलट मोठी भावंडे त्यांच्यासोबत त्याच अंगणात वाढतात.

पिल्लांना सर्वांत मानवते ती आर्टेमिया. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळातून हवा, वर दिवा. २७-२८ अंशांना २४ ते ३६ तासांत केशरी पिल्ले निघतात. हवा बंद केली की कवचे वर तरंगतात, पिल्ले खाली बसतात. ती नळीने काढून, गोड्या पाण्यात धुवून मगच द्या. हे रोज जमत नसेल तर फ्लेकची पूडही चालते, वाढ थोडी हळू होते एवढेच. तशीही वाढ संथच. पूर्ण वयात यायला वर्षभराच्या आसपास लागते.

देखभाल आणि उन्हाळा

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, आणि नवे पाणी त्याच मापाने सोडा-एप्सम घालून तयार केलेले हवे. बाष्पाने घटलेल्या पाण्याची भरपाई मात्र साध्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने करायची, कारण क्षार टाकीतच राहिलेले असतात. हा फरक विसरला तर उन्हाळ्यात दोन महिन्यांत केएच भलतीकडे पोचतो. सायफनसाठी एअर पंपाची बारीक नळी वापरा, वाळूपासून दोन बोटे वर धरा आणि बादलीत एखादे पिल्लू आले का ते टॉर्चने बघूनच पाणी झाडांना घाला.

टांगानिकाच्या वरच्या थराचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात मात्र टाकी ३२ अंशांवर सहज जाते. झाकण काढा, पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. दोन-तीन अंश उतरतात. हवा वाढवा, खाद्य निम्मे करा. बर्फ टाकू नका, चढउतार जास्त घातक. पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात ५० वॉटचा हीटर २५ अंशांवर लावून ठेवा. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा.

वसाहत भरली की

दीड-दोन वर्षांत मासे तीस-चाळीसवर जातात. जास्तीचे मासे तळ्यात, ओढ्यात, विहिरीत सोडायचे नाहीत. उजनीच्या जाळ्यात ढिगाने येणारी चिलापी हीसुद्धा आफ्रिकन सिक्लिडच. मोझांबिकची चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली आणि आज ती काढून टाकणे कुणाच्या हातात राहिलेले नाही. कोकण-गोव्याच्या खाडीतला कालुंदर हा आपला स्वतःचा सिक्लिड आहे, त्याला बाहेरच्या चुलतभावांची सोबत नको.

मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्या. जाळी घेऊन मागे लागलात तर एकही हाती लागणार नाही, सगळे शंखात जातील. म्हणून शंखच उचला, तोंडावर बोट ठेवून. मग पाण्याने अर्ध्या भरलेल्या डब्यावर तो तोंड खाली करून, पृष्ठभागाच्या थोडा वर धरा. आतले पाणी गळू लागते आणि मासा आपणच डब्यात उतरतो. नाही उतरला तर शंख क्षणभर पाण्यात बुडवून पुन्हा वर घ्या; झटके देऊ नका, तारेने टोचू नका. पिशवीत शंखासह मासे पाठवू नका, प्रवासात शंख गडगडून मासा चिरडतो. मासे एका पिशवीत, ओळखीचे दोन-तीन शंख कागदात गुंडाळून वेगळे, आणि सोबत तुमच्या पाण्याचे केएच, जीएच, पीएचचे आकडे लिहिलेली चिठ्ठी.